टाकी उतरवली तेव्हा

हेराल्डची टाकी डिकीच्या डाव्या कुशीत असते.
चार बोल्ट, एक नळी, तरंगत्या गोळ्याची वायर.
धकाते मिस्त्रींनी ती उतरवली
आणि संत्र्यांच्या रिकाम्या पेटीवर ठेवली,
तान्हं ठेवावं तशी, तोंड वर करून.

बोटाच्या पेराने टकटक.
कान लावला. पुन्हा टकटक.
"आतमंदी सुटून राह्यलं जी. हलवून पाहा."
हलवली.
सुपात मोहरी पाखडताना येतो
तसा आवाज आला.

लकडगंजच्या त्या गल्लीत सकाळी साडेनऊलाच
पत्र्याला हात लावता येत नव्हता.
नवतप्याचा तिसरा दिवस.
धकात्यांचं म्हणणं, हेच दिवस बरे:
तेजाबानं धुवायची, नट टाकून खुळखुळवायची,
मग सीलरचा डबा ओतायचा,
उलटायची, पालटायची, कडेवर घेऊन नाचवायची,
कोपरा न् कोपरा ओला झाला पाहिजे,
आणि द्यायची ठेवून उन्हात.
"एक डाव आतून कातडं चढलं,
का मंग गंजाच्या बापाचं काय चालते?"

कादरभाई शेजारीच रेडिएटर झाळतात.
त्यांनी फक्त भुवई उचलली.
"कातडंच ते. सुटेल कधीतरी.
आजच्या पेट्रोलात ऊस मिसळलेला असतो, ताई,
तो कशाकशाला सोडवतो.
आणि एकदा का सील केली
की माझा डाख धरणार नाही.
भोक पडलं, तर भोक."

दोघे तीस वर्षं एकमेकांच्या पान्यांवर जगलेले.
दोघे माझ्याकडे बघत होते.
मी विमा कंपनीत दावे तपासत निवृत्त झाले;
दोन्ही बाजू खऱ्या वाटायचा
मला जुना आजार आहे.

टॉर्च मागितला.
तोंडाशी डोळा लावला तर पेट्रोलच्या वाफेनं पाणीच आलं.
पुसून पुन्हा पाहिलं.
तळ तांबूस, आटलेल्या बोडीसारखा,
आणि भिंतीला पांढुरका पापुद्रा,
कडांनी वळलेला.

कोणीतरी हे आधीच करून ठेवलं होतं.

कोणीतरी म्हणजे अण्णाच. दुसरं कोण?
अण्णा, जे गाडीच्या वहीत
हवा भरल्याचे चार आणेसुद्धा लिहीत:
प्लग, पट्टा, पंपाचा पडदा, किलोमीटर.
घरी जाऊन सगळ्या वह्या काढल्या.
कुठे नाही.
फक्त ब्याण्णवच्या मे महिन्याच्या शेवटी
सलग नऊ दिवस कोरे,
आणि त्यानंतर, हिरव्या शाईत: गाडी ठीक.

मग कधीतरी ते टाकी भरून ठेवू लागले असावेत.
दर शनिवारी, गरज नसताना,
धरमपेठेच्या पंपावर, काठोकाठ.
आई म्हणायची, चालवत तर नाही, पाजता कशाला?
रिकाम्या जागेला घाम सुटतो, ते म्हणायचे.
आम्हाला वाटे, हे आमच्याविषयी.

सीलरचा डबा आणलाय मी.
वर्षभरात वापरा, असं त्यावर छापलंय.
फडताळात फिनेलच्या शेजारी उभा आहे,
झाकण न उघडलेला.
टाकी अजून त्या पेटीवरच,
तोंडात फडकं कोंबून.
जुना पापुद्रा मात्र काढावाच लागेल,
एवढ्यापुरतं दोघांचं जमतं.

काल कादरभाईंनी चिमट्याने त्यातला तुकडा ओढून दिला.
नखाएवढा. एका अंगाने गुळगुळीत,
दुसऱ्या अंगाला गंजाचा ठसा,
जिथे तो इतकी वर्षं चिकटून होता
किंवा चिकटल्यासारखा होता.
मी तो वहीत ठेवला, कोऱ्या पानांच्या मध्ये.

आज धकात्यांनी विचारलं, "मंग ठरलं काय जी?"
मी विचारलं, नवतप्याचे किती उरले?
"आज पाचवा," ते म्हणाले,
आणि हातातला पाना
खिशात घातला नाही.